कार्ड जुनं आहे, मग?

झेरॉक्स मशीनमध्ये भंगारातलं इलेक्ट्रॉनिक कार्ड बसवून देणारा माणूस गिऱ्हाइकाला फसवतो, असं मत सध्या बरंच ऐकू येतं. कंपनीचे विक्री प्रतिनिधी ते बोलतात यात नवल नाही. पण पतपेढीचे संचालक, शाळेचे मुख्य लिपिक, सोसायटीचे खजिनदार अशी जबाबदार माणसंही हल्ली तेच बोलतात, आणि बोलताना त्यांचा आवाज थोडा चढलेला असतो. आक्षेप साधारण असे: जुन्या कार्डाचा भरवसा नाही, त्यानं आग लागू शकते, हा ई-कचऱ्याचा बेकायदा धंदा आहे, आणि मशीनमधली माहिती कुठे जाते कोण जाणे. निष्कर्षही ठरलेला. मशीन बंद पडलं की नवीन घ्या, नाहीतर कंपनीशी वार्षिक करार करा आणि तिचाच माणूस बोलवा. यातला शेवटचा आक्षेप खरा आहे. तो मी शेवटीच घेणार आहे, कारण आक्षेप घेणारेही तो जाता जाताच घेतात. आधीचे तीन मात्र तपासल्याशिवाय सोडता येत नाहीत.

हा वाद नायगावात बसून घालायला कारण आहे. गाव वसईच्या खाडीला लागून, आजूबाजूला मिठागरं, आणि पूर्वेला जूचंद्रच्या दिशेनं गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींच्या रांगा. इमारती आल्या की भाडेकरार, कर्ज, शाळाप्रवेश, पत्त्यातले बदल आले, आणि प्रत्येकाला आधार, पॅन, वीजबिलाच्या दोन-दोन प्रती लागल्या. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा राज्यभर झेरॉक्सच्या दुकानांपुढे गर्दी उसळली, तशी ती इथंही उसळली. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. तेव्हापासून जिल्ह्याचं काम निघालं की पालघर गाठायचं, आणि एक प्रत कमी पडली की तो दिवस फुकट गेला असं समजायचं. अशा गावात दुकानातलं किंवा कार्यालयातलं झेरॉक्स मशीन चार दिवस बंद राहणं ही फक्त त्या दुकानाची अडचण नसते.

आता ही मशीनं कोणती ते पाहू. छोट्या दुकानांतून आणि पतपेढ्यांतून जी धडधाकट मशीनं वर्षानुवर्षं चालतात, त्यातली पुष्कळशी या शतकाच्या पहिल्या दशकातली आहेत. कॅननचं आयआर ३३०० हे त्यातलं ठळक नाव: मिनिटाला ३३ पानं, ए-३ कागद, आणि अंगानं दणकट. यातली अनेक परदेशी कार्यालयांत काही वर्षं वापरून झाल्यावर इथं आयात झालेली. अमेरिकेतून आलेली असली तर ११० व्होल्टची, म्हणून शेजारी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर गुरगुरत असतो. हे भंगार बाहेरून आपल्या माथी मारलं, असं काहींचं म्हणणं. पण २४ जानेवारी २०१९ रोजी अतुल ऑटोमेशन्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं काय म्हटलं ते वाचावं. परवान्याशिवाय आणलेल्या वापरलेल्या मशीनांचा तो वाद होता. ही मशीनं आयातीसाठी निर्बंधित आहेत, प्रतिबंधित नाहीत, असा निर्वाळा न्यायालयानं दिला. आणखी एक गोष्ट नोंदवली: किमान पाच वर्षं उपयोगी पडतील अशी वापरलेली मशीनं आणू देण्यामागे, ती देशात तयार होत नव्हती हे कारण सरकारनंच लक्षात घेतलं होतं. म्हणजे देशाच्या कार्यालयांनी आपली कागदपत्रं बऱ्याच अंशी दुसऱ्यांच्या वापरून झालेल्या यंत्रांवर काढली. तेव्हा कुणाची नैतिकता जागी झाली नव्हती. त्याच यंत्रातलं एक कार्ड बदलताना ती का व्हावी?

भरवशाच्या आक्षेपात एक गृहीत लपलेलं आहे: मशीन म्हातारं झालं म्हणजे त्याचं कार्डही म्हातारं झालं. झेरॉक्स मशीन झिजतं ते जिथं कागद घासतो, उष्णता लागते आणि काहीतरी फिरतं तिथं. पिकअप रोलर गुळगुळीत होतात, ड्रमवर चरे पडतात, क्लीनिंग ब्लेडची धार जाते, फ्यूजरचा रोलर सोलवटतो. मशीन भंगारात निघतं ते बहुधा यातलं दोन-तीन एकदम करायला आल्यामुळे; नाहीतर भाडेकरार संपला म्हणून, कार्यालय बंद झालं म्हणून, किंवा साहेबांना रंगीत प्रती हव्या झाल्या म्हणून. त्याचं कंट्रोलर कार्ड, डीसी कार्ड, हाय व्होल्टेज कार्ड त्या दिवशीही ठणठणीत असू शकतं. कार्डात फिरणारं काही नसतं. त्यात म्हातारं होतात ते मुख्यतः इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, आणि तेही उष्णतेनं. तापमान दहा अंश वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना हिशेब आहे. शिवाय नवं म्हणून कपाटात दहा वर्षं पडून राहिलेल्या कार्डातले कॅपॅसिटरही पडल्या पडल्या बिघडतात. पाकिटावरचं सील त्यांना वाचवत नाही. तेव्हा विचारायचं ते कार्डाचं वय नाही, कार्ड तपासलं का आणि कसं, हे.

नायगावात कार्डं मरतात त्याची कारणं बहुतेक वेळा मशीनच्या वयाबाहेरची असतात. खाडीवरून येणारी खारी, दमट हवा. कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात, तांब्याच्या रेषांवर हिरवट थर चढतो. वीज गेली आणि एकदम जोरात आली की पॉवर सप्लायचा फ्यूज आणि त्यामागचा मॉस्फेट जातो. आणि पाल. उबेसाठी ती पॉवर सप्लायमध्ये शिरते, दोन टोकांना एकदम चिकटते आणि स्वतःबरोबर कार्डही घेऊन जाते. कंपनीच्या कुठल्याही माहितीपत्रकात न आढळणारं हे कारण इथल्या कुठल्याही कारागिराला विचारा, तो हसून मान डोलावेल. पावसाळ्यात तळमजल्यावरच्या गाळ्यात पाणी शिरलं तर पुढचं विचारायलाच नको. जुलै २०१८ च्या पुरात वसईच्या मिठागरांतले लोक अडकून पडले होते आणि रेल्वे थांबली होती, तेव्हा किती गाळ्यांत पाणी गेलं असेल याचा अंदाज करावा. अशा वेळी मेलेलं कार्ड नवं असतं तरी मेलंच असतं.

कार्ड बदलणं हे काम काय असतं हे आक्षेपकांनी एकदा उभं राहून पाहावं, अशी माझी खरी इच्छा आहे. बिघाड कुठे आहे ते आधी ठरतं. बऱ्याचदा कार्ड बदलायची गरजच नसते. सुटलेलं सोल्डर, फुगलेला कॅपॅसिटर किंवा गंजलेला कनेक्टर एवढंच असतं, आणि प्रामाणिक कारागीर तेवढ्यावर भागवतो. कार्ड खरंच गेलं असेल तर त्याच मॉडेलचं, त्याच पार्ट नंबरचं आणि शक्यतो त्याच आवृत्तीचं कार्ड शोधायचं. ते मिळतं पार्ट काढण्यासाठी ठेवलेल्या मशीनमधून. कुणी वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांतून अशी मशीनं उचलतं, कुणी मुंबईला लॅमिंग्टन रोडपर्यंत फोन फिरवतं. हाती आलेलं कार्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करायचं, भिंगाखाली सोल्डर पाहायचं, ईएसआर मीटरवर कॅपॅसिटर तपासायचे, शंका आली ते बदलायचे. पॉवर सप्लाय असेल तर फ्यूजरची जोडणी काढून सिरीज बल्बवर चालू करायचा. बल्ब पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, पुढे जायचं नाही. ११० व्होल्टचा सप्लाय २३० वर लावणारा महाभाग या सगळ्याच्या आधीच उघडा पडतो, एका आवाजात आणि थोड्या धुरात.

मग येतो खरा कसब लागणारा भाग. मशीनच्या स्मृतीत त्या मशीनपुरत्या गोष्टी असतात: मीटरचा आकडा, प्रतिमा कागदावर कुठे बसावी याची मापं, घनतेची जुळणी, मशीनचा क्रमांक. अनेक मशीनांत ही स्मृती कार्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये असते. जुन्या कार्डावरची ती चिप उपसून नव्या कार्डावर बसवली नाही, तर मशीन एकतर चालूच होत नाही, किंवा चालू होऊन परक्या मशीनचा मीटर दाखवतं. भंगारातल्या कार्डानं मीटर मागे सरकवून गिऱ्हाइकाला कमी चाललेलं मशीन म्हणून विकता येतं, हे खरं आहे. आणि तसं करणारे आहेत. त्यांना फसवे म्हणावं. पण त्यासाठी ज्यानं चिप नीट हलवून मीटर जागच्या जागी ठेवला त्यालाही त्याच रांगेत उभं करणं म्हणजे आळशी न्याय.

हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नसतं म्हणून ते कमी दर्जाचं, असाही एक सूर असतो. ज्युलियन ऑर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं झेरॉक्स कंपनीच्याच संशोधन केंद्रात राहून तिच्या दुरुस्ती कामगारांचा अभ्यास केला. १९९६ साली त्याचं पुस्तक आलं. कंपनीचे अधिकृत इंजिनीयरसुद्धा कंपनीच्या माहितीपुस्तिकेवर मशीन दुरुस्त करत नव्हते, असं त्यात दिसलं. जेवताना, चहा पिताना एकमेकांना सांगितलेल्या बिघाडांच्या गोष्टींवर ते काम चाले. नायगाव स्टेशनबाहेरच्या टपरीवर आमचे कारागीर जे बोलतात, त्याची जात तीच आहे. फरक पगाराचा.

आता आग. हा आक्षेप सगळ्यात भारी वाटतो, कारण तो ऐकल्यावर समोरचा गप्प बसतो. झेरॉक्स मशीनमध्ये आगीची मुख्य जागा म्हणजे फ्यूजर. टोनर कागदावर वितळवून बसवण्यासाठी तो दोनशे अंशांच्या आसपास तापतो. त्यावर दोन पहारेकरी असतात. थर्मिस्टर तापमान सांगत राहतो. तो फसला तर थर्मल फ्यूज किंवा थर्मोस्विच वीजच तोडतो. कॅननच्या मशीनवर ई००० हा कोड आला की फ्यूजर नीट तापत नाही असं समजायचं. तो कोड मशीन बंद-चालू करून जात नाही, सर्व्हिस मोडमध्ये जाऊनच पुसावा लागतो, आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे, म्हणजे माणसानं आधी कारण शोधावं. मशीन पेटवतो तो माणूस कारण न शोधता कोड पुसत राहणारा, किंवा उडालेल्या थर्मल फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा लावणारा. असा माणूस माझ्या मते फौजदारी कायद्याखाली यावा. पण तो तारेचा तुकडा अगदी नव्याकोऱ्या, सीलबंद कार्डाच्या मशीनमध्येही तितक्याच सहज बसतो. कार्ड जुनं की नवं याचा त्याच्याशी संबंध नाही. आणि नवेपणा हीच सुरक्षेची हमी म्हणणाऱ्यांना झेरॉक्स ९१४ ची आठवण करून द्यावीशी वाटते. १९५९ साली बाजारात आलेलं ते साध्या कागदावर प्रती काढणारं पहिलं यशस्वी कार्यालयीन मशीन. कारखान्यातून निघालेलं नवंकोरं, तरी आत अडकलेला कागद पेटायचा म्हणून कंपनी त्याच्याबरोबर एक छोटं अग्निशामक देत असे.

त्याच ९१४ चा आणखी एक धडा आहे, आणि माझ्या मते वादाचं मूळ तिथं आहे. ते मशीन मुख्यतः भाड्यानं दिलं जाई: महिना ९५ डॉलर, त्यात २,००० प्रती, त्यापुढे प्रतीमागे पैसे. मशीन कंपनीचं, मीटर कंपनीचा, दुरुस्तीही कंपनीची. पुढे मशीनं विकली जाऊ लागली, पैसे देऊन मालकी गिऱ्हाइकाकडे आली, पण कंपन्यांची जुनी सवय गेली नाही. सुट्या भागांवर पकड ठेवायची आणि बाहेरच्या दुरुस्तीवाल्याला ते विकायचेच नाहीत. कोडॅकनं आपल्या कॉपियरच्या बाबतीत अमेरिकेत हेच केलं, तेव्हा स्वतंत्र दुरुस्तीवाले कोर्टात गेले. १९९२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कोडॅकला खटल्याविना सोडायला नकार दिला आणि पुढे ज्यूरीनं दुरुस्तीवाल्यांच्या बाजूनं कौल दिला. तशाच वादात २००० साली झेरॉक्स मात्र पेटंटच्या जोरावर सुटली. तेही सांगितलं पाहिजे. आपल्याकडे ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला, कारण त्या सुटे भाग बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नव्हत्या. रकमेवर पुढे अपिलं झाली. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकावर समितीचा अहवाल आला, पण त्याचा पहिला रोख स्मार्टफोन आणि टॅब्लेटवर. पतपेढीच्या कोपऱ्यातल्या झेरॉक्स मशीनचा नंबर लागायला अजून वेळ आहे.

तोवर काय करायचं? कंपनीनं मॉडेल बंद केलं, कार्ड बनवणं थांबवलं, किंवा बनवते पण बाहेर विकत नाही, तर ते कार्ड जगात एकाच ठिकाणी उरतं: दुसऱ्या मशीनच्या पोटात. भंगारातल्या कार्डाचा बाजार कंपन्यांच्या नकारातूनच उभा राहिला आहे. आणि गंमत पाहा. कॅनन जर्मनीतल्या गीसेन इथं वापरलेली मशीनं उघडून, त्यातले चांगले भाग ठेवून, ती पुन्हा विक्रीला काढते. रिकोची ग्रीनलाइन नावाची मालिका तशीच. झेरॉक्सनं तर नव्वदीच्या दशकातच जुने भाग तपासून पुन्हा बसवण्याची शिस्त उभी केली. या गोष्टीचं मला कौतुकच आहे. मात्र ज्या कृतीसाठी त्यांच्या वार्षिक अहवालात हिरव्या पानाचं चित्र छापलं जातं, ती कृती नायगावच्या गाळ्यात झाली की भंगार ठरते, हे मला मान्य नाही. ज्यांना कंपनीचा वार्षिक करार पवित्र वाटतो त्यांनी तो वाचूनही पाहावा. बदललेला भाग नवा किंवा नव्याच्या तोडीचा दुरुस्त केलेला असेल, अशा अर्थाचं वाक्य अशा करारांत आणि वॉरंट्यांत वारंवार सापडतं. इंजिनीयर तुमचं जळलेलं कार्ड पिशवीत घालून नेतो, ते फेकायला नेत नाही.

ई-कचऱ्याचा आक्षेप मला सर्वात ढोंगी वाटतो. कार्डं ॲसिडात बुडवून, उघड्यावर जाळून तांबं-सोनं काढणारे अड्डे या देशात आहेत आणि त्यांच्यापायी माणसं आजारी पडतात. त्यांच्याविरुद्ध लिहावं तेवढं थोडं. पण जे कार्ड मशीनमध्ये परत बसलं ते त्या ॲसिडापर्यंत पोचलंच नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम तरी काय म्हणतात? कॉपी करणारी यंत्रं त्यांच्या यादीत आहेत. वापरलेलं उपकरण त्याच्या मूळ कामासाठी अधिक काळ चालावं म्हणून दुरुस्त करणं ही त्यांत व्याख्या करून मान्य केलेली गोष्ट आहे. दुरुस्तीमुळे उपकरणाचं आयुष्य वाढलं तर उत्पादकाची पुनर्चक्रणाची जबाबदारी पुढे ढकलली जाते, आणि नंतर त्यातली ७५ टक्केच त्याच्या खात्यात पडते. म्हणजे दुरुस्तीला कायद्यानं सवलत दिली आहे. सूक्ष्म उद्योगांना तर हे नियम लागूच नाहीत. एक खुर्ची, एक सोल्डरिंग स्टेशन आणि एका मदतनिसावर चालणारा गाळा सूक्ष्म नाही तर काय? अर्थात नियम लागू नसले तरी उरलेला सांगाडा, फुटका ड्रम आणि जळकी कार्डं अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेली पाहिजेत. ती जात नाहीत, तिथं कारागिरांना धरावं.

पैशाचं गणित मी मांडत नाही. ते नायगावात सगळ्यांना येतं.

राहिला शेवटचा आक्षेप, माहितीचा. इथं मी आक्षेपकांच्या पुढे एक पाऊल आहे. आयआर ३३०० सारख्या मशीनांत हार्ड डिस्क असते, मशीनचं सॉफ्टवेअर तिच्यावर असतं आणि छापलेल्या-स्कॅन केलेल्या पानांचे अवशेषही तिच्यावर राहू शकतात. पार्ट काढताना कार्डाबरोबर डिस्कही निघते, कारण तिच्याशिवाय कार्ड उठत नाही. म्हणजे एका गावाची आधार कार्डं आणि भाडेकरार दुसऱ्या गावाच्या मशीनमध्ये जाऊ शकतात. २०१० साली अमेरिकेत सीबीएस वाहिनीनं जुनी कॉपियर विकत घेऊन त्यांच्या डिस्क वाचून दाखवल्या. त्यात पोलिसांच्या फाइली निघाल्या आणि ॲफिनिटी नावाच्या आरोग्यविमा संस्थेच्या रुग्णांच्या नोंदीही. २०१३ मध्ये त्या संस्थेला सरकारशी १२ लाख डॉलरहून अधिक रकमेची तडजोड करावी लागली. मात्र ॲफिनिटीची मशीनं कुठल्या भंगारवाल्यानं चोरलेली नव्हती. ती भाड्याची होती आणि करार संपल्यावर रीतसर भाडे-कंपनीकडे परत गेली होती. डिस्क पुसण्याचं कलम कुणाच्या यादीत नव्हतं, एवढंच. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आहे, तरी किती पतपेढ्यांच्या भाडेकरारात परत जाणाऱ्या मशीनच्या डिस्कबद्दल एक ओळ आहे?

म्हणून माझी मागणी कारागिराकडेही आहे आणि तुमच्याकडेही. पावतीवर बसवलेल्या कार्डाचा पार्ट नंबर हवा, ते वापरलेलं आहे हे स्पष्ट लिहिलेलं हवं, काय तपासलं ते हवं, किती महिन्यांची हमी ते हवं, आणि दुरुस्तीपूर्वीचा व नंतरचा मीटरचा आकडा हवा. आलेली डिस्क तुमच्यासमोर फॉरमॅट झाली पाहिजे. तुमची जुनी डिस्क आणि जळलेलं कार्ड तुमच्या हातात परत मिळालं पाहिजे. हे लिहून द्यायला जो कारागीर तयार नसेल त्याला मीही दारात उभं करणार नाही. कंपनीच्या इंजिनीयरकडूनही हेच सगळं मागा, आणि तो काय लिहून देतो ते सोसायटीच्या पुढच्या सभेत वाचून दाखवा.